नाताळ, लग्नाचा वाढदिवस आणि स्कूटरवरून कोर्लई : जावं की नको?

सुकेळी
मंडळी, सल्ला हवाय. पण आधी थोडं पाल्हाळ लावणार आहे, घाई असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

आम्ही दोघं ठाण्यात, कोलबाडला राहतो. मी ५८, नवरा ६३. मी वसईकडची कॅथलिक, तो नगरकडचा प्रोटेस्टंट. ओळख ऑफिसातली. लग्न डिसेंबर १९९२ च्या शेवटच्या आठवड्यातलं. आमच्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, सहसा लग्नं लावत नाहीत. त्यामुळे २६ तारखेपासून वसईत लग्नांची जी झुंबड उडते ती विचारू नका, एकाच संध्याकाळी तीन मांडवांत हजेरी लावावी लागते. आमच्या वर्षी मात्र ६ डिसेंबरनंतरच्या दंगलींमुळे मुंबईचे पाहुणे निम्मेसुद्धा आले नाहीत. नगरचं वऱ्हाड मात्र आलं, टाळ-ढोलकी घेऊन आलं आणि रात्रभर भजनं म्हणून माझ्या मावश्यांना चकित करून गेलं.

अशा तारखेला लग्न केलं की वाढदिवस आयुष्यभर नाताळाच्या उरलेल्या केकवर भागवावा लागतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, हात नेवऱ्या आणि कलकलांच्या तेलात. म्हणून आम्ही फार पूर्वी एक खोड लावून घेतली. त्या आठवड्यात एकदा दोघांनीच स्कूटर काढायची आणि आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणचं जुनं देऊळ, म्हणजे चर्च किंवा त्याचे पडके अवशेष, बघायला जायचं. एका वर्षी ठिकाण मी ठरवणार, पुढच्या वर्षी तो. वसईचा किल्ला माझा म्हणून बाद होता, तरी एकदा गेलोच. रेवदंडा झालं, बोरिवलीचं मंडपेश्वर झालं, पुण्याचं पंचहौद झालं. मुलं लहान असताना त्यांना आजोळी सोडून पसार व्हायचो. सासूबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं.

यंदा पाळी माझी आणि मी कोर्लई म्हटलंय. मुलगी पुण्याहून फोन करकरून सांगतेय की गाडी करा, ड्रायव्हर घ्या. बाबांची अँजिओप्लास्टी झालीय (दोन वर्षं झाली, डॉक्टरांची हरकत नाही, सलग दोन तासांवर चालवू नका म्हणाले). माझा उजवा गुडघा कुरकुरतो. तर स्कूटरने जावं का, कुठून जावं, आणि कोर्लईचा किल्ला माझ्या गुडघ्याला झेपेल का?

ॲक्सिलेटर
वा काकू! नक्की जा. पण पनवेल-पेण-वडखळ-अलिबाग हा रस्ता नाताळाच्या आठवड्यात विसरा. अख्खी मुंबई ३१ डिसेंबरसाठी अलिबागला निघालेली असते, वडखळच्या अलीकडे-पलीकडे तास तास हलत नाही. गाडीवाले एसीत बसून शिव्या देतात, तुम्ही धूर खाल.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, २०२० पासून चालू आहे. स्कूटर आत चढवता येते, तासाभरात पलीकडे. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर आणि पुढे कोर्लई साधारण तेवढंच. काकांना मध्ये बोटीवर आपोआप विश्रांती मिळते. तिकीट आधी काढा, त्या आठवड्यात ऐनवेळी मिळत नाही. आणि ठाण्याहून धक्क्यावर जाताना सवयीने ईस्टर्न फ्रीवेवर चढू नका, दुचाकीला बंदी आहे. अटल सेतूचंही तेच, तिथेही दुचाकी चालत नाही.

नेरूळकर
मुलीचं बरोबर आहे असं माझं मत. हौस समजू शकतो, पण ६३ आणि अँजिओप्लास्टी. गाडीने गेलं तर सोबत राहत नाही का?

दुसरं, सणाच्या दिवसांत घर सोडून जाणं मला तरी पटत नाही. आम्ही दिवाळीत केरळला गेलो होतो एकदा, लक्ष्मीपूजनाला हॉटेलात बसून चिप्स खाल्ले. परत कधी नाही.

सुकेळी
@ॲक्सिलेटर, फार उपयोगी. फ्रीवेचं खरंच डोक्यात नव्हतं.

@नेरूळकर, २४ ची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि २५ चं जेवण घरीच असतं हो. सोरपोतेल, फुगे, सगळं. सणाला दांडी नाही. आम्ही जातो ते त्यानंतर, जेव्हा इतर लोक सोफ्यावर आडवे असतात. गाडीनेही सोबत होते, मान्य. पण ड्रायव्हर असला की आम्ही दोघंही त्याच्याशीच बोलतो.

टपरीवरचा
एक भाबडा प्रश्न, राग मानू नका. दोघंही ख्रिस्ती, देव एक, नाताळ एक. मग असं तिसरीकडे जायची गरज का पडली? एक वर्ष तुमच्या चर्चला, एक वर्ष त्यांच्या, असं करून प्रश्न सुटला नसता का?

सुकेळी
@टपरीवरचा, राग कसला. पण उत्तर लांबेल.

लग्नासाठी आम्हाला बिशपांची परवानगी काढावी लागली. दुसऱ्या पंथातल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाशी लग्न करताना कॅथलिकांना ती लागते. ती मिळाली, लग्न वसईत माझ्या चर्चमध्ये लागलं, सगळं रीतसर. पहिल्या नाताळाला नवरा माझ्यासोबत माहेरी रात्रीच्या मिस्सेला आला. कम्युनियनची, म्हणजे पुढे जाऊन पवित्र भाकर घ्यायची, वेळ झाली, सगळं चर्च उठून रांगेत उभं राहिलं, आणि तो एकटा बाकावर बसून राहिला. नियमच तसा आहे, कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचं नसतं. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं. माझ्या आत्याला माहीत नव्हतं. ती बाहेर पडल्यावर अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "जावई का नाय उठले? भांडण झालं काय?"

पुढच्या वर्षी नगरला गेलो. तिथे उलट. त्यांच्या उपासनेत पाळकांनी प्रभुभोजनाला (कम्युनियनलाच ते असं म्हणतात) सगळ्यांना बोलावलं, मलाही. त्यांची ना नव्हती, पण माझ्या चर्चची होती. मी बसून राहिले. सासूबाईंनी काही विचारलं नाही. दुपारी पुरणपोळी वाढताना (हो, आमच्या सासरी नाताळाला पुरणपोळी आणि करंज्या-चकल्यांचा फराळ असतो) माझ्या ताटाकडे बघितलं नाही, एवढंच.

म्हणजे वाटणी करून प्रश्न सुटत नव्हता, फक्त बाकावर कोण बसणार ते ठरत होतं. आणि तो बाक फार लांबलचक वाटतो, बसल्याशिवाय कळत नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? पण आम्ही दोघंही श्रद्धेच्या बाबतीत आळशी नव्हतो. आळशी असतो तर सोपं गेलं असतं. त्याने माझ्यासाठी कॅथलिक व्हावं असं मला कधी वाटलं नाही असं नाही, वाटलं. त्यालाही वाटलं असणार. त्यावरून बोलणं बंद व्हायचं, तेही नेमकं डिसेंबरात.

रेवदंड्याला आम्ही पहिल्यांदा गेलो ते खरं तर मासळी खायला. तिथे किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे, गावात त्याला सातखणी म्हणतात. बाकीचं छत गेलेलं, भिंतींना वडाच्या मुळ्या. आम्ही आत बसलो. वेदी नाही, रांग नाही, आणि कुणी उठायचं आणि कुणी बसायचं हा प्रश्नच नाही. पिशवीत माझं बायबल होतं. लूकच्या दुसऱ्या अध्यायातला ख्रिस्तजन्म वाचला. तो दोघांच्याही बायबलात सारखाच आहे! मग त्याने त्याच्याकडची दोन भजनं म्हटली, मी रोझरीतलं (जपमाळेतलं) एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, म्हटलं, तो ऐकत बसला. तोवर त्याच्यासमोर मी मोठ्याने रोझरी म्हटली नव्हती.

तेव्हापासून ही खोड.

टपरीवरचा
_/\_ विचारलं ते बरं झालं.

पोथीनिष्ठ
सुंदर प्रतिसाद. या निमित्ताने नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंची आठवण येणं अपरिहार्य. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं, आधी ताटातूट आणि मग एका घरात राहून वेगळी चूल आणि वेगळं पाणी. आपण त्या कथेचा शेवट माहीत असल्यामुळे ती गोड मानतो. त्या पाच वर्षांत त्या बाईला शेवट माहीत नव्हता. नवऱ्यामागे फरपटत न जाता स्वतःच्या बुद्धीने तिथवर पोचणं, हे साहस मला टिळकांच्या साहसापेक्षा मोठं वाटतं.

तुमच्या बाबतीत दोघंही आपापल्या जागी राहिलात, हे मला जास्त अवघड वाटतं.

दिंडीतला
आमचे आई-बाबा दरवर्षी वारीला जातात. दोघं एकत्र घरातून निघतात आणि आळंदीनंतर वेगवेगळ्या दिंड्यांत चालतात, कारण बाबा भरभर चालतात आणि आईला त्यांच्या सूचना ऐकायच्या नसतात. वाखरीला भेटतात. सलग वीस दिवस एकत्र चालले असते तर लग्न टिकलं नसतं असं आई म्हणते. सुकेळीताई, स्कूटरवर सूचनांचं काय करता?

सुकेळी
@दिंडीतला, हेल्मेट. दोन्ही बाजूंनी ऐकू येत नाही.

चेंदणी
ठाणेकर असून बाहेर कशाला शोधताय? १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मगुरू मारले गेले, त्या वेळचं वर्णन ओदोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय आणि त्यांच्या अस्थी तो थेट चीनपर्यंत घेऊन गेला. म्हणजे वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षं आधीची गोष्ट. आपलं सेंट जेम्स १८२५ चं आहे, हेबर या इंग्रज बिशपांच्या हातून त्याचं पवित्रीकरण झालं. जांभळी नाक्याचं चर्च तर रोज रिक्षातून दिसतं. यातलं किती ठाणेकरांना माहीत असतं? शून्य. तलावपाळीला आइस्क्रीम खातात आणि घरी जातात.

सुकेळी
@चेंदणी, जांभळी नाक्याला मला प्रत्येक जण ओळखतो. तिथल्या बाकांवर माझी नेहमीची जागा आहे. मुद्दा तोच आहे ना.

वचनप्रकाश
बहिणी, पडक्या भिंतींत प्रभू भेटत नाही, वचनात भेटतो. आणि रोझरीबद्दल पवित्र शास्त्र काय म्हणतं ते आपण तपासून पाहावं. खाली काही वचनं देत आहे.
[मजकूर संपादित]

धागा-संपादक
पंथांची तुलना नको. या धाग्याचा विषय प्रवास आणि सहजीवन आहे. यापुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

कुंडलिका
मी रेवदंड्याचा, त्यामुळे इथे बोलायचा हक्क माझा.

रेवदंड्याहून पूल ओलांडून साळावला यायचं, तिथून कोर्लई जवळच. किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर आहे. पायथ्याशी दीपगृह आहे, तिथपर्यंत स्कूटर जाते, रस्ता अरुंद आहे आणि एका बाजूला समुद्र, समोरून गाडी आली तर थांबा. दीपगृहाच्या बाजूने वर जायला पायवाट आणि पायऱ्या आहेत, आम्हाला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तुम्हाला अर्धा तास धरा. पायऱ्या उंच आहेत. काठी घ्या. गुडघ्याला चढताना नाही, उतरताना त्रास होईल, तेव्हा ऊन उतरल्यावर पण उजेड असतानाच खाली या. वर पाण्याची सोय धरू नका.

वर तटबंदीच्या आत चर्चच्या भिंती आहेत, छत नाही. तोफा आहेत, पोर्तुगीज शिलालेख आहेत. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये हा डोंगर निजामशाहीकडून घेतला, १७४० च्या सुमारास मराठ्यांकडे आला. गावातलं चर्च माऊंट कार्मेल मातेचं, ते चालू आहे, तिथे मिस्सा मराठीत असते. गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली बोलतात, जगात दुसरीकडे कुठे नाही. हजाराच्या आत-बाहेर माणसं असतील बोलणारी. बाजारात तीच माणसं तुमच्याशी अस्सल आगरी ढंगात मराठी बोलतील.

राहायला रेवदंड्यात किंवा नागावला घरगुती सोय मिळेल, पण आत्ताच फोन करा.

नेरूळकर
@सुकेळी, वरचा मोठा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. थोडंच. तरी परतीला अंधार करू नका.

सीप्झची_सिंथिया
पडकी चर्च जमवताय तर अंधेरीला सीप्झच्या आवारातलं सेंट जॉन द बाप्टिस्ट राहिलंय की! १५७९ चं. आमचा ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळ ख्रिस्ती लोकांचा) समाज मे महिन्यात तिथे एक दिवस मिस्सा करतो, एरवी आत सोडत नाहीत. नाताळात जमणार नाही, पण मे मध्ये या. माझ्या आजीकडची बॉटल मसाल्याची मटण खुडी खायला घालते.

सुकेळी
@कुंडलिका, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. काठी घेतली. @सिंथिया, मे मध्ये नक्की, खुडीसाठी तरी.

निघतोय शनिवारी. मुलीशी तह झाला आहे: रो-रोने जायचं, दर तासाला थांबायचं, आणि पोचल्यावर दोघांचा एकत्र फोटो, नुसता स्कूटरचा नाही.

सुकेळी
आलो परत. वृत्तांत मागणाऱ्यांसाठी, थोडक्यात म्हणता म्हणता लांबलेला.

जाताना बोटीवर वारा इतका की नवऱ्याने डब्यातली सुकेळी (वसईची सुकवलेली केळी) खायला काढली तो कागद उडून एका साहेबांच्या चहात पडला. ते चिडले, मग सुकेळं खाल्लं, मग वसईत कुठे मिळतात ते विचारून घेतलं. मांडव्याहून पुढे गर्दी होती पण स्कूटर फटीतून निघते. चोंढीजवळ पंक्चर. पंक्चरवाल्याने विचारलं, "या वयात स्कूटर?" नवरा म्हणाला, "वय झालं म्हणूनच, चालत कुठे जमतंय!"

रविवारी सकाळी कोर्लईच्या चर्चला गेलो. नाताळानंतरचा रविवार पवित्र कुटुंबाचा सण असतो, हे मी विसरले होते असं नाही, पण त्याचा आमच्याशी काही संबंध येईल असं डोक्यात नव्हतं. प्रवचनानंतर फादरांनी सगळ्या विवाहित जोडप्यांना उभं राहायला सांगितलं आणि लग्नाची वचनं पुन्हा म्हणायला लावली. सुखात-दुःखात, आजारपणात, सगळं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो आधीच उभा होता. आणि असा खणखणीत आवाज लावला (नगरचा आवाज तो, भजनांवर पोसलेला) की पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. कम्युनियनच्या वेळी तो नेहमीसारखा बसला. मी रांगेतून परत आले तर शेजारच्या म्हातारीने त्याला सरकून जागा करून दिली होती आणि ती त्याला विचारत होती, तुम्ही कुठले, पोरं किती, मासळी खाता ना. भांडण झालं का, असं तिने विचारलं नाही.

@टपरीवरचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगते, बाकावरचं अंतर अजून आहे. तेहतीस वर्षांनीही मला ते आवडत नाही आणि त्यालाही नाही. ते मिटवायचं आमच्या हातात नाही, आणि मिटल्यासारखं दाखवायला आम्हाला जमत नाही. रविवारी त्याचा काच थोडा कमी झाला, एवढंच.

दुपारी चार वाजता किल्ला चढलो. कुंडलिका, तुमचा अर्धा तास आमचा पाऊण झाला. तो पुढे जाऊन थांबायचा, दोन हेल्मेटं दोन्ही हातांत, खाली स्कूटरवर ठेवायला तयार नाही, कुणी नेतील म्हणून. वर छत नसलेल्या चर्चमध्ये बसलो. या वेळी लूक नाही, मी तोबीतचं पुस्तक नेलं होतं. ते आमच्या बायबलात आहे, त्याच्या बायबलात नाही. आमची पुस्तकं ७३, त्यांची ६६. इतक्या वर्षांत मी ते त्याला कधी वाचून दाखवलं नव्हतं, उगाच पंथाचा वाद नको म्हणून. गोष्ट अशी की आंधळ्या झालेल्या बापासाठी तोबिया दूरच्या गावी पैसे आणायला निघतो. सोबत एक अनोळखी वाटाड्या असतो, तो निघतो देवदूत. वाटेत सारा भेटते, तिचे आधीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले. तरी तोबिया लग्न करतो, आणि त्या रात्री दोघं झोपायच्या आधी उठून एकत्र प्रार्थना करतात. म्हातारपणापर्यंत सोबत ठेव, एवढंच मागतात. बाहेर सासरा तोवर जावयासाठी खड्डा खणून तयार!

नवरा या खड्ड्यावर इतका हसला की तटावर फोटो काढणारी पोरं बघायला आली. मग म्हणाला, "हे शास्त्र आहे असं मी मानणार नाही. पण गोष्ट चांगली आहे. आणि तो कुत्रा?" त्या गोष्टीत तोबियाच्या मागे एक कुत्रा चालत जातो, काही करत नाही, नुसता जातो. याला तोच आवडला.

@वचनप्रकाश, तुम्हाला वाईट वाटणार असेल तर क्षमस्व.

उतरताना गुडघ्याने जीव काढला. काठी नसती तर अवघड होतं.

पोथीनिष्ठ
खड्ड्याचा तपशील माझ्या वाचनातून निसटला होता. सासऱ्याला दाद द्यायला हवी, तयारीचा माणूस.

नेरूळकर
परत कसे आलात? अंधार झाला का?

सुकेळी
@नेरूळकर, नाही, सोमवारी दुपारच्या बोटीने. संध्याकाळी सहाला घरी. मुलीला आधी फोटो, मग तुम्हाला उत्तर.

दिंडीतला
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, दोन हेल्मेटं धरून वर थांबणारा नवरा चालेल. बाबा म्हणतात, त्यांना कुणी कधी काही धरायला दिलंच नाही. घरात आता चर्चा सुरू आहे, मी निघतो.

ॲक्सिलेटर
पुढच्या वर्षी काकांची पाळी ना? ठिकाण ठरलं का?

सुकेळी
ठरलं. त्याला सावंतवाडीला जायचंय, तिथलं मिलाग्रीस चर्च बघायला आणि वाटेत राजापूर. स्कूटरने नाही, हे मी आत्ताच जाहीर करते. तुतारी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, तिनेच जाऊ. तो म्हणतो मग त्यात काय मजा, निदान तिथे पोचल्यावर स्कूटर भाड्याने घेऊ. सावंतवाडीत भाड्याने दुचाकी मिळते का, कुणाला माहीत असेल तर लिहा. नसेलच मिळत, तर तसं जरा ठासून लिहा.